एक लहर, अनेक बोलणारे

चाळीस मुलांच्या वर्गांत बोलण्याची पाळी दोन प्रकारांनीं लावतां येते. हजेरीपटाप्रमाणें एकेकास उठवावें, किंवा ज्याला सुचेल त्यानें बोलावें. पहिल्या रीतींत शिस्त खरी. पण ज्यांना कांहीं सांगावयाचें नाहीं, त्यांच्या मौनांतच तास संपतो. बिनतारी संदेशवहनासही हाच पेंच पडला होता.

प्रारंभींची रीत हजेरीपटाची. एकाच लहरीवर दोघे बोलूं लागले, कीं दोघांचेंही बोलणें वायां जातें. म्हणून १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें जहाजें, नभोवाणी, हौशी प्रेषक अशा निरनिराळ्या कामांस लहरींचे वेगवेगळे पट्टे वांटून दिले. नभोवाणीस ही वांटणी मानवली, कारण नभोवाणीकेंद्र तासन् तास बोलतच असतें.

हवाई बेटांवरील प्रकार निराळा होता. तेथील विश्वविद्यालयाचा मोठा संगणक होनोलुलूस, आणि त्याचा उपयोग करूं इच्छिणारे कांहीं लोक समुद्रापलीकडच्या बेटांवर. माणूस टंकयंत्रावर एखादी ओळ लिही, व मग बराच वेळ विचार करीत बसे. अशा प्रत्येकास स्वतंत्र लहर देणें म्हणजे गैरहजर मुलांसाठीं बाक अडवून ठेवणें! प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं सर्वांना मिळून बोलण्यास एकच लहर दिली. होनोलुलूहून उत्तर जाण्यासाठीं दुसरी. योजनेचें नांव ‘अलोहा’. तिकडचा तो रामरामच. संदेशाचें लहानसें पुडकें करावें आणि वाटेल तेव्हां सोडावें. तें सुखरूप पोंचलें तर पोंच येई. दोन पुडक्यांची टक्कर झाली तर पोंच येत नसे. मग ज्यानें त्यानें कांहीं वेळ थांबून तेंच पुडकें पुन्हां पाठवावयाचें. किती थांबावयाचें, हें मात्र सोडतीप्रमाणें दैवावर सोपविलेलें असे. सगळे सारखेच थांबले असते, तर पुन्हां एकदमच बोलले असते!

हिशेब पाहतां ही रीत उधळी वाटते. फार झालें तर एकंदर वेळेपैकीं शेंकडा १८ भागच कामीं येतो, आणि गर्दी वाढली कीं तोही घटतो. १९७२ सालीं लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं वेळेचे समान तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभींच बोलण्याचा नियम सुचविला. तेव्हां १८ चे जवळजवळ ३७ झाले. शाळेच्या घंटेचें महत्त्व आम्हां मास्तरांना निराळें सांगावयास नको.

आजचा मोबाइल दोन्ही रीती वापरतो. मनोऱ्याचें दार तो प्रथम अलोहासारखें, पाळी न लावतां ठोठावतो. आंत घेतल्यावर मात्र पाळी मनोरा ठरवितो. चौथ्या पिढीच्या पद्धतींत ही वांटणी सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक नव्यानें होते. आणि येथेंच खरी अडचण आहे. जवळच्या फोनास दिलेला क्षण पुष्कळ अक्षरें वाहून नेतो, दूरच्यास दिलेला थोडीं. केवळ एकूण काम मोजलें, तर दूरचा उपाशीच राहील. म्हणून प्रत्येकास नुकतें किती मिळालें, हेंही पाहून पाळी लावण्याची युक्ति सर्रास योजतात. हुशार मुलांनाच उठविलें तर अभ्यासक्रम लौकर पुरा होतो. मींही असे अनेक पुरे केले. मागच्या बाकांवरील मुलांचीं नांवें आज आठवत नाहींत.