व्यक्तिरेखेच्या विकासावरील समीक्षालेख : नियोजन व मांडणी

कथा, कादंबरी किंवा नाटकातील एखादे पात्र सुरुवातीला जसे असते त्यापेक्षा शेवटी वेगळे का व कसे होते, हे संहितेच्या आधारे सिद्ध करणारा लेख. शालेय परीक्षांतील स्वभावचित्रापेक्षा तो निराळा असतो. स्वभावचित्रात पात्राचे गुणदोष एकामागून एक सांगितले तरी चालतात. विकासावरील लेखात मात्र एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत पात्र कशामुळे गेले, याचा उलगडा करावा लागतो. कथानकाचा सारांश हाही या लेखाचा हेतू नसतो. पुढील विवेचनात व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीतील राजाराम मास्तर हे मुख्य उदाहरण घेतले आहे.

पूर्वतयारी : पात्र निवडताना त्याच्यात बदल घडतो की वाचकाला त्याची अधिक ओळख होत जाते, हे आधी ठरवावे लागते. पात्राचा दडलेला स्वभाव उशिरा उघड झाला, तर तो विकास नव्हे. हा फरक ओळखण्यासाठी साहित्यकृती किमान दोनदा वाचणे आवश्यक असते. पहिल्या वाचनात कथानक कळते. दुसऱ्या वाचनात शेवट माहीत असल्यामुळे आधीच्या बारीकसारीक खुणा लक्षात येतात.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी टिपणे काढताना चार रकाने आखणे सोयीचे ठरते : प्रसंग, पात्राची कृती किंवा उद्गार, त्यामागचे कारण आणि पृष्ठक्रमांक. राजारामबाबत अशी टिपणे काढली तर पुढील टप्पे हाती लागतात : औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर त्याचे नवखेपणाने येणे, मुले मेंढरांमागे जात असल्याने ओस पडलेली शाळा, गावच्या कारभाऱ्याच्या पाठबळाने तिचे सुरू होणे, शाळेबाहेरच्या अडीअडचणी घेऊन लोकांचे त्याच्याकडे येणे, कारभाऱ्याशी आलेले वितुष्ट, गावाच्या श्रमातून उभी राहिलेली तालीम, कारभाऱ्याचा मृत्यू, दुष्काळ आणि गाव सोडून जाणारी माणसे. या सगळ्यांना लेखात सारखे स्थान मिळत नाही. ज्या प्रसंगानंतर पात्र पूर्वीसारखे वागत नाही, तेवढेच प्रसंग तपशिलात घ्यायचे आणि उरलेले एखाद्या वाक्यात उरकायचे.

मध्यवर्ती विधान : टिपणांतून लेखाचे विधान तयार होते. ‘राजारामच्या स्वभावात अनेक बदल होतात’ हे विधान निरुपयोगी आहे, कारण त्यावर कोणाचा आक्षेप असू शकत नाही. ‘गावाचा विश्वास कमावताना राजाराममधला नोकरदार मागे पडतो आणि तो गावाचा माणूस होतो, पण दुष्काळ त्याला आपल्या कर्तृत्वाची मर्यादा दाखवून देतो’ हे विधान वादविषय होऊ शकते. त्यात आरंभीची अवस्था, बदलाचे कारण आणि अखेरची अवस्था या तिन्ही गोष्टी येतात. यांपैकी एक जरी सुटली, तरी लेखाला दिशा राहत नाही.

आराखडा : मांडणीच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिली कालानुक्रमी : आरंभ, वळण, परिणती. ती सोपी असते, पण लेखक नकळत गोष्ट सांगू लागण्याचा धोका तिच्यात सर्वांत जास्त असतो. दुसरी नातेसंबंधांनुसार : राजाराम आणि कारभारी, राजाराम आणि गावातला आयबू, राजाराम आणि सारा गाव. ‘बनगरवाडी’सारख्या, सुट्या प्रसंगांतून आणि अनेक माणसांतून उभ्या राहणाऱ्या कादंबरीला ही पद्धत अधिक मानवते. तिसरी पैलूंनुसार : कामाविषयीची दृष्टी, लोकांविषयीची दृष्टी, स्वतःविषयीची दृष्टी. या पद्धतीत प्रत्येक पैलूची आधीची आणि नंतरची बाजू त्याच भागात यावी लागते. नाहीतर लेखाचे पुन्हा स्वभावचित्र होते.

आराखड्यात नुसते विषय लिहू नयेत, पूर्ण वाक्ये लिहावीत. ‘तालीम’ एवढे टिपून भागत नाही. ‘तालमीच्या कामात राजाराम प्रथमच शाळेच्या चौकटीबाहेरची जबाबदारी स्वतःहून घेतो’ असे लिहिले, की परिच्छेदात काय सिद्ध करायचे ते स्पष्ट होते.

परिच्छेदाची रचना : प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचा दाखला, दाखल्याचे विश्लेषण आणि मूळ विधानाशी जोड असावी. चोळीचा प्रसंग याचे चांगले उदाहरण आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिच्या सांगण्यावरून राजाराम तिला चोळी शिवून आणून देतो. त्याच्या लेखी हे साधे काम असते. कारभारी मात्र त्याचा वेगळा अर्थ लावतो आणि दोघांत अंतर पडते. लेखात एवढे सांगायला दोन वाक्ये पुरतात. खरा भर त्यापुढे द्यायचा : राजारामला माणसांचा लोभ मिळाला आहे, पण गावाचे अलिखित नियम अजून कळलेले नाहीत. ज्याच्या आधारावर तो उभा आहे, त्याच माणसाचा विश्वास डळमळल्यावर त्याला आपले परकेपण नव्याने जाणवते. विकास सरळ रेषेत होत नाही, त्यात माघारही असते, हे या एका दाखल्यातून दाखवता येते. अवतरण घ्यायचेच तर ते थोडक्यात असावे आणि त्यातील शब्दयोजनेवर भाष्य करावे.

निवेदनाचा विचार : पात्र स्वतःच निवेदक असेल, तर त्याचे म्हणणे जसेच्या तसे पुरावा मानता येत नाही. ‘बनगरवाडी’चा निवेदक असलेला राजाराम स्वतःबद्दल मोजकेच बोलतो. त्याच्यातला बदल, तो इतरांकडे कसा पाहतो यावरून ओळखावा लागतो. ‘पण लक्षात कोण घेतो!’ या हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीत नायिका यमू आपली हकीकत मागे वळून सांगते. तिथे भोगणारी यमू आणि सांगणारी यमू यांत फरक करावा लागतो. लहानपणीच्या प्रसंगावरील शेरा मोठेपणीच्या समजुतीतून आलेला असू शकतो. तो लहान यमूच्या नावावर घातला तर विकासाचा क्रमच चुकतो.

न बदलणारी पात्रे : ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये सपाट (एकाच गुणाभोवती उभ्या) आणि गोलाकार (अनेकपदरी) पात्रांचा भेद मांडला. मात्र पात्र सपाट किंवा स्थिर आहे म्हणून ते कमअस्सल ठरत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आईची मूल्ये ठाम राहतात आणि त्यांच्या आधाराने श्याम घडतो. पोहायला घाबरून लपणाऱ्या श्यामला ती मारते, ते त्याची भीती मोडावी म्हणून. अशा वेळी आईच्या विकासावर लेख बेतण्यापेक्षा तिच्या स्थैर्याचा श्यामवर झालेला परिणाम तपासणे उचित ठरते.

आरंभ, समारोप व पुनर्लेखन : प्रस्तावनेत कृतीचे व लेखकाचे नाव, पात्राची आरंभीची स्थिती आणि मध्यवर्ती विधान इतकेच असावे, लेखकाचे चरित्र तेथे अनावश्यक असते. समारोपात मुद्द्यांची उजळणी टाळून बदलाचा अर्थ सांगावा. राजारामच्या बाबतीत प्रश्न असा उरतो, की गाव उठून गेल्यावर त्याच्या कामाचे मोल काय? याचे उत्तर संहितेच्या आधारे देणे हे समारोपाचे काम आहे.

पुनर्लेखनाच्या वेळी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वेगळे काढून ती सर्व वाक्ये सलग वाचावीत. त्यातून युक्तिवाद उभा राहत असेल, तर मांडणी नीट झाली असे समजावे. नुसतीच गोष्ट पुढे सरकत असेल, तर दोष भाषेत नसून आराखड्यात असतो आणि लेखाची दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागते.