ग्रंथिक सन्निपात आणि फुप्फुस

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान असलेल्या जांभूळचे नाव आज या पट्ट्यात निघते ते बहुधा बारवीच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रामुळे. पाणी गाळून, निवळून, निर्जंतुक करून घरोघर पोहोचविता येते. श्वासाच्या वाटेवर मात्र असे केंद्र कोणत्याच सरकारास उभारता आलेले नाही. म्हणूनच येथून सकाळची लोकल गाठून परळच्या हाफकिन संस्थेकडे निघणाऱ्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने श्वसनमार्गाचे जिवाणुजन्य रोग व त्यांवरील लसी हा विषय पत्करला, तर त्याची पूर्वपीठिका त्याला परळातच सापडावी हे स्वाभाविक होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढील महिन्यात कलकत्त्याहून मुंबईत दाखल झालेल्या वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर कामास लागावे लागले. मांसाच्या काढ्यावर तुपाचा तवंग सोडला असता प्लेगचे जंतू त्या तवंगाखाली लोंबत्या झुंबरांसारखे वाढतात, हे त्यांनी हेरले. अशा रीतीने वाढविलेले जंतू उष्णतेने मारून सिद्ध केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि नंतरच ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपर्यंत गेली. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाला शास्त्राच्या दरबारात मिळालेला हा मान मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

परंतु त्याच साथीत, त्याच शहरात, डॉ. एल. एफ. चाइल्ड यांना शवविच्छेदनात असे देह आढळले की ज्यांवर गाठीचा मागमूस नव्हता, आणि फुप्फुसे मात्र जंतूंनी भरलेली होती. तत्कालीन मराठीने या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले ते गाठीवरून. तेव्हा गाठच नसलेला रोगी साध्या न्यूमोनियाचा समजला जाई, आणि त्याच्या खोकल्यातून उडालेले तुषार शुश्रूषा करणाऱ्याच्या श्वासात जात. हाफकिनच्या लसीने गाठीच्या प्लेगाचे प्रमाण व मृत्यू कमी केले, तरी श्वासावाटे थेट फुप्फुसात उतरलेल्या जंतूंपुढे मृत जंतूंची ती लस तोकडीच ठरली.

हाफकिन यांच्या वाट्यास मानहानीही आली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर बसला आणि १९०७ मध्ये निर्दोष ठरेतो त्यांना तो वाहावा लागला. १९२५ मध्ये मात्र परळच्या संस्थेस त्यांचेच नाव मिळाले.

फुप्फुसाचे कोडे पुढे इतर जंतूंकडे वळले. न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकॉकस आपल्या शर्करामय कवचाच्या आड देहाच्या पहाऱ्यास चकवितो, आणि त्या कवचांचे प्रकार अनेक असल्याने लसही अनेकमुखी करावी लागते. पुण्याच्या सीरम संस्थेने २०२० साली भारतात आणलेली लस अशा दहा प्रकारांवर चालते, बाकीचे प्रकार तिच्या कक्षेबाहेर राहतात.

हाफकिन संस्थेची परळमधील इमारत पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान. तेथे एका गव्हर्नरच्या पत्नीचा कॉलऱ्याने अंत झाल्यावर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर हलला, आणि १८९९ च्या ऑगस्टात त्याच रिकाम्या दालनांत प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली.