भूक आणि स्वभाव

साहित्यकृतीतील एखादे पात्र घासासाठी भांडते, अन्न लपवते, कशातच रस घेत नाही. आणि आपण त्याच्या 'स्वभावा'ची चिकित्सा करू लागतो. या सवयीविषयी आम्हांला थोडी शंका आहे. तिचे कारण साहित्यात नव्हे, विज्ञानाच्या इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमारीने खंगलेल्या युरोपीय जनतेला पुन्हा कसे उभे करावे हा प्रश्न होता. त्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४मध्ये एक प्रयोग आरंभला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. शरीराने निरोगी आणि मनाने स्थिर अशीच माणसे पारखून घेतलेली होती. पहिले १२ आठवडे पुरेसे अन्न. पुढचे २४ आठवडे निम्म्याच्या आसपास. बटाटे, सलगम, पाव असे दोन वेळचे जेवण, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे. वजने जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली.

मनाचे जे झाले ते अधिक बोलके आहे. ध्येयवादाने आलेले हे तरुण ताटे चाटू लागले. मिळालेला घास तासन् तास पुरवू लागले. पाककृतींची पुस्तके जमवून वाचू लागले. विनोद आटला, स्त्रीविषयीची ओढ ओसरली, चिडचिड आणि खिन्नता वाढली. आपली बुद्धी मंदावली असे त्यांना वाटे. चाचण्यांत मात्र फारशी घट दिसली नाही. पुढे अन्न वाढवल्यावरही मन लगेच ताळ्यावर आले नाही. कित्येकांना भरपूर जेवूनही तृप्ती लाभेना. कीज आणि सहकाऱ्यांनी हे सारे १९५०मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले.

'बलुतं' (१९७८) किंवा 'उपरा' (१९८०) वर्गात शिकवताना ही नोंद हाताशी असावी, असे आम्हांला वाटते. भुकेने सारेच उलगडते असा आमचा दावा नाही. मिनेसोटातल्या तरुणांनी भूक स्वतः पत्करली होती, आणि ती कधी संपणार हेही त्यांना ठाऊक होते. ज्यांच्या वाट्याला ती जन्माबरोबर आली, त्यांना अशी कोणतीच तारीख कुणी दिलेली नव्हती. म्हणून त्यांच्या वर्तनाला 'वृत्ती' हे नाव देण्यापूर्वी त्यांनी काय आणि किती खाल्ले, हे संहितेत शोधणे ही वाचकाची पहिली जबाबदारी ठरते.