फेलोशिप, छापखाना आणि सामायिक वाचन : विद्यापीठातील पुस्तकाचा इतिहास

प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प अहवाल सादर करतात. तो बाइंडिंग करून विभागाच्या कपाटात ठेवला जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा कोणी उघडत नाही. लिहिणे ही एक गोष्ट, छापले जाणे ही दुसरी आणि वाचले जाणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी आपोआप एकामागून एक घडत नाहीत. त्यांच्यासाठी व्यवस्था उभी करावी लागते, पैसा लागतो आणि निर्णय घेणारी माणसे लागतात.

अमेरिकेतील विद्यापीठांनी गेल्या दीडशे वर्षांत या तिन्ही गोष्टींसाठी तीन वेगळ्या व्यवस्था उभ्या केल्या. संशोधक विद्यार्थ्यासाठी फेलोशिप, संशोधन लोकांपर्यंत नेण्यासाठी विद्यापीठाची स्वतःची प्रकाशनसंस्था आणि नव्या विद्यार्थ्यांनी एकच पुस्तक एकत्र वाचावे यासाठी सामायिक वाचनाचा कार्यक्रम. या तिन्हींचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. या पाठात आपण तो एकत्र पाहू, कारण तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला : कोणाचे लेखन छापायचे आणि कोणते पुस्तक वाचायचे, हे कोणी ठरवायचे?

बाल्टिमोर : फेलोशिप आणि प्रकाशनसंस्था यांचा एकत्र जन्म

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ साली बाल्टिमोर शहरात सुरू झाले. पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांना केवळ पदव्या देणारे महाविद्यालय नको होते. जर्मन विद्यापीठांप्रमाणे संशोधन करणारी संस्था त्यांना हवी होती. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी २० फेलोशिप ठेवल्या, प्रत्येकी वर्षाला ५०० डॉलर. गरजू विद्यार्थ्याला केलेली मदत असे तिचे स्वरूप नव्हते. ज्याच्यात संशोधनाची क्षमता दिसते त्याला ते करण्यासाठी मोकळा वेळ मिळावा, हा हेतू होता. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संशोधनाला विद्यापीठाने पैसे देणे ही कल्पना अमेरिकेत इथे पक्की रुजली.

दोनच वर्षांनी, १८७८ साली, याच विद्यापीठाने प्रकाशनाचे काम हाती घेतले. सतत सुरू असलेली अमेरिकेतील सर्वांत जुनी विद्यापीठीय प्रकाशनसंस्था ती हीच. (कॉर्नेल विद्यापीठाने १८६९ सालीच सुरुवात केली होती, पण ते काम मध्ये अनेक वर्षे बंद पडले.) गिलमन यांची भूमिका अशी होती की, वर्गात बसणाऱ्या मूठभर लोकांपुरते ज्ञान ठेवून विद्यापीठाचे कर्तव्य पुरे होत नाही. ते दूरवर पोहोचवलेच पाहिजे. हॉपकिन्सने काढलेले पहिले नियतकालिक गणिताचे होते : ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’. त्याचे संपादक होते इंग्लंडहून आलेले गणिती जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर.

सिल्व्हेस्टर यांना दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव होता. १८३७ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले होते. पण ते ज्यू होते आणि पदवीसाठी अँग्लिकन पंथाच्या धर्मकलमांवर सही करणे आवश्यक होते. त्यांनी ती केली नाही. त्यामुळे केंब्रिजची पदवी त्यांना अनेक दशके मिळाली नाही.

१८७८ साली क्रिस्टीन लॅड नावाच्या तरुणीने हॉपकिन्सकडे अर्ज केला. विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना प्रवेश देत नव्हते. लॅड यांचे गणितातील लेखन सिल्व्हेस्टर यांच्या वाचनात आले होते. त्यांच्या आग्रहामुळे लॅड यांना अपवाद म्हणून वर्गात बसू दिले गेले. पुढे तीन वर्षे त्यांना फेलोशिपची रक्कमही मिळाली. मात्र ‘फेलो’ हा किताब दिला गेला नाही आणि फेलोंच्या छापील यादीत त्यांचे नाव घातले गेले नाही, कारण विश्वस्तांना पायंडा पाडायचा नव्हता. ताट वाढले, पण पंगतीत पान मांडले नाही.

याच काळात विद्यापीठाच्याच गणिताच्या नियतकालिकात लॅड यांचे लेख छापून येत होते. म्हणजे विद्यापीठाचे एक पत्रक त्यांचे नाव लपवत होते आणि त्याच विद्यापीठाचे नियतकालिक ते जगभर पोहोचवत होते. १८८२ पर्यंत त्यांनी पीएच.डी.चे सर्व काम पूर्ण केले. १८८३ साली चार्ल्स पर्स यांनी संपादित केलेल्या तर्कशास्त्रावरील निबंधसंग्रहात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्राच्या इतिहासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो. पदवी मात्र त्यांना मिळाली १९२६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. तेव्हा त्यांचे वय ७८ होते.

न्यूयॉर्क : छापल्याशिवाय पदवी नाही

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. तो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला निबंध आज शंभर वर्षांनंतरही अभ्यासला जातो, तो छापला गेला म्हणून.

परंतु पीएच.डी.साठी कोलंबियाचा नियम कडक होता. प्रबंध मान्य झाला तरी तो छापून ठरलेल्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे. शिष्यवृत्ती शिकण्याच्या वर्षांपुरती होती. छपाई ही विद्यार्थ्याची स्वतःची जबाबदारी होती. डॉ. आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी प्रसिद्ध केला. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि डॉ. आंबेडकरांनी तो सयाजीरावांना कृतज्ञतेने अर्पण केला. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली १९२७ साली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यानंतर ११ वर्षांनी.

लॅड यांना १९२६ आणि आंबेडकरांना १९२७. अडथळ्यांची जात वेगळी होती : एकीकडे विश्वस्तांचा नकार, दुसरीकडे छपाईची अट. पण दोन्हीकडे अभ्यास पुरा झाला होता आणि त्याला मान्यता देणारा शेवटचा कागद अडला होता. शिकण्याचा खर्च भागवणे म्हणजे विद्वत्तेच्या जगात प्रवेश देणे नव्हे, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

चॅपल हिल : संपादकाच्या टेबलामागे कोण?

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची प्रकाशनसंस्था १९२२ साली चॅपल हिल या गावात स्थापन झाली. अमेरिकेच्या दक्षिण भागात वंशभेद कायद्याने चालू असताना या संस्थेने त्या समाजावर टीका करणारी पुस्तके काढली. त्यामागे विल्यम कौच या संपादकांचा मोठा वाटा होता. ते तरुण वयातच संस्थेत आले आणि १९३२ साली तिचे संचालक झाले.

कौच यांनी हॉवर्ड विद्यापीठातील इतिहासकार रेफर्ड लोगन यांना एक निबंधसंग्रह तयार करायला सांगितले. कृष्णवर्णीयांना नेमके काय हवे आहे, हे त्यांच्याच १४ लेखकांनी सांगावे, अशी कल्पना होती. हस्तलिखित आले तेव्हा कौच हादरले. वेगवेगळ्या विचारांच्या त्या सर्व लेखकांचे एका बाबतीत एकमत होते : वंशभेदाचा कायदा संपलाच पाहिजे. कौच पुस्तक नाकारण्याच्या बेतात होते, पण लोगन यांनी कोर्टात जाण्याचा इशारा दिला. अखेर १९४४ साली पुस्तक निघाले, मात्र लेखकांशी असहमती दर्शवणारी प्रकाशकाची वेगळी प्रस्तावना जोडून.

कौच हे त्या काळच्या मानाने उदारमतवादी होते, म्हणूनच हा प्रसंग शिकण्यासारखा आहे. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर आल्यावर ते गोंधळले. टेबलाच्या एका बाजूला १४ कृष्णवर्णीय लेखक होते, पण निर्णय घेणाऱ्या बाजूला त्यांच्यापैकी कोणीही नव्हते.

हीच उणीव भरून काढण्यासाठी २०१६ साली अँड्र्यू मेलन फाउंडेशनच्या ६,८२,००० डॉलरच्या अनुदानातून नवी फेलोशिप सुरू झाली. वॉशिंग्टन, एमआयटी, ड्यूक आणि जॉर्जिया या चार विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी संपादन क्षेत्रात फारसे न दिसणाऱ्या समाजगटांतील नवशिक्या उमेदवारांना पगारी प्रशिक्षण देण्याचे ठरवले. हे काम कारकुनी नसते. आलेल्या प्रस्तावांतून कोणते पुढे न्यायचे, परीक्षणासाठी कोणत्या तज्ज्ञांकडे पाठवायचे, संपादक मंडळासमोर पुस्तकाची बाजू कशी मांडायची, हे सर्व तिथे शिकायला मिळते. पूर्वी अशी उमेदवारी बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर करावी लागे. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनाच ती परवडे आणि पुढे संपादकही तेच होत. फेलोशिपचा पैसा इथे संशोधनासाठी नव्हे, तर निवड करणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यासाठी दिला जातो.

एकच पुस्तक, सगळा वर्ग

आता वाचनाकडे वळू. सर्व विद्यार्थ्यांनी समान ग्रंथ वाचावेत, ही कल्पना कोलंबियात १९१९ सालच्या ‘समकालीन संस्कृती’ या अभ्यासक्रमापासून पक्की झाली. १९३७ साली तिथे साहित्याचा असाच सक्तीचा अभ्यासक्रम आला. हे वाचन अभिजात ग्रंथांचे होते आणि वर्षभर चाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची एक हलकी आवृत्ती अनेक महाविद्यालयांत पसरली. पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या सर्वांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकच, बहुधा अलीकडचे, पुस्तक वाचायचे आणि सत्राच्या सुरुवातीला छोट्या गटांत त्यावर चर्चा करायची. गुण नाहीत, परीक्षा नाही. इंजिनिअरिंगचा मुलगा आणि संगीताची मुलगी यांच्यात बोलायला एक समान विषय असावा, एवढाच हेतू.

चॅपल हिलमध्ये हा कार्यक्रम १९९९ साली सुरू झाला. २००२ साली निवड समितीने मायकेल सेल्स यांचे कुराणाच्या सुरुवातीच्या सुरांवरील पुस्तक निवडले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झाले नव्हते. सरकारी विद्यापीठ एका धर्माचा प्रचार करते, असा आरोप करत एक संघटना आणि काही विद्यार्थी न्यायालयात गेले. राज्याच्या विधिमंडळातही या कार्यक्रमाचा पैसा रोखण्याचा प्रयत्न झाला. विद्यापीठाने मधला मार्ग काढला : ज्याला वाचायचे नाही त्याने का वाचायचे नाही ते एका पानात लिहावे. न्यायालयांनी कार्यक्रम थांबवण्यास नकार दिला आणि १९ ऑगस्टला ठरल्याप्रमाणे गटचर्चा झाल्या.

सगळीकडे असे घडले नाही. २०१४ साली साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधिगृहाने चार्ल्सटन येथील महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकातून ५२,००० डॉलर कापले. समलिंगी लेखिका अ‍ॅलिसन बेक्डेल यांचे ‘फन होम’ हे आत्मचरित्रात्मक चित्रपुस्तक त्या महाविद्यालयाने सामायिक वाचनासाठी निवडले होते. शेवटी रक्कम परत देण्यात आली, पण ती देशाच्या घटनात्मक दस्तऐवजांच्या शिकवणीवर खर्च करावी, अशी अट घालून.

दुसऱ्या बाजूने वेगळी टीकाही झाली : निवडलेली पुस्तके फार नवी, फार सोपी असतात आणि अभिजात ग्रंथ बाजूला पडतात. ही टीका सरसकट फेटाळण्यासारखी नाही. सर्वांना एकच पुस्तक द्यायचे म्हटले की निवडीचे महत्त्व वाढते. म्हणूनच निवड समितीत कोण आहे, तिचे निकष जाहीर आहेत का आणि नकार देणाऱ्याला जागा आहे का, हे तीन मुद्दे पुस्तकाच्या नावाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

आपल्याकडे

भारतात पीएच.डी.साठी प्रबंध छापून घेण्याची अट नाही. २००९ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’वर असे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ज्या अटीने डॉ. आंबेडकरांची पदवी लांबली तिचा खर्चाचा भाग असा संपला. पण हस्तलिखित पारखायला शिकवणारी, संपादक घडवणारी पगारी उमेदवारी आपल्या विद्यापीठांत क्वचितच दिसते. सामायिक वाचनाला मात्र जागा तयार आहे. २०१७ पासून अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशपर्व कार्यक्रम आहे आणि त्यात साहित्यविषयक उपक्रमही अपेक्षित आहे. त्या तीन आठवड्यांत एक पुस्तक, वीस-वीस जणांचे गट आणि दोन तासांची चर्चा सहज बसू शकते. त्याला इमारत लागत नाही. पुस्तक कोण निवडणार हे मात्र आधी ठरवावे लागते आणि त्या बैठकीत एक-दोन विद्यार्थी असलेच पाहिजेत.

विचारासाठी प्रश्न

१. क्रिस्टीन लॅड यांना फेलोशिपची रक्कम मिळाली, पण किताब नाही. या दोन गोष्टींतील फरक संशोधकाच्या पुढील आयुष्यावर कसा परिणाम करतो?

२. १९४४ च्या पुस्तकाला प्रकाशकाने असहमतीची प्रस्तावना जोडली. पुस्तक नाकारण्यापेक्षा हे बरे होते का? कारणांसह लिहा.

३. तुमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षासाठी एक सामायिक पुस्तक निवडायचे आहे. निवड समितीत कोण असावे आणि तिचे तीन निकष कोणते असावेत, ते मांडा.