सरकलेली गादी

सरकलेली गादी : पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांमधल्या चकतीचे बाह्य आवरण फाटून आतला मऊ गर बाहेर येण्याचा विकार. याला स्लिप डिस्क किंवा चकतीचा हर्निया असेही म्हणतात. चकती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, त्यामुळे ती सबंध जागची हलत नाही. बाहेर येतो तो तिचा गर. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. थोड्या रुग्णांत मात्र काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो. हे दोन गट वेळीच वेगळे ओळखणे हा या विकाराच्या उपचाराचा गाभा आहे.

रचना : कण्यात एकूण २३ चकत्या असतात. कवटी व पहिला मणका, तसेच पहिला व दुसरा मणका यांच्यामध्ये चकती नसते. कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा भाग चकत्यांचा असतो. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी पाण्याचे प्रमाण भरपूर असलेला गर असतो आणि त्याभोवती तंतुमय थर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. प्रौढ वयात चकतीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. लगतच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. त्यामुळे तिची झीज फार सावकाश भरून येते.

स्थान व कारणे : चकत्यांच्या मागच्या अंगाला मध्यरेषेत एक मजबूत उभा अस्थिबंध असतो. त्यामुळे गर बहुधा मध्यरेषेच्या किंचित बाजूने बाहेर पडतो, आणि मज्जातंतूंची मुळे नेमकी तिथूनच जातात. हा विकार प्रामुख्याने कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये आणि पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये आढळतो. त्याखालोखाल मानेचा क्रम लागतो. छातीच्या भागात तो क्वचितच होतो. ३० ते ५० हे वय सर्वांत जोखमीचे. वयानुसार गरातील पाणी घटते आणि आवरणाला चिरा पडतात. आनुवंशिकता, धूम्रपान, स्थूलपणा, वाकून व वळून जड ओझी उचलणे यांमुळे धोका वाढतो. शेवटचे निमित्त अनेकदा किरकोळ असते : जोराची शिंक किंवा खाली पडलेली वस्तू उचलणे.

लक्षणे : बाहेर आलेल्या गराचा मुळावर दाब पडतो, शिवाय गरातील रासायनिक द्रव्यांमुळे तिथे दाह होतो. म्हणून कंबरदुखीपेक्षा कुल्ल्यापासून पोटरी-पावलापर्यंत उतरणारी कळ अधिक असह्य असते. खोकताना, शिंकताना, बसल्यावर ती वाढते. कमरेच्या पाचव्या मुळावर दाब असल्यास पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात आणि अंगठा वर उचलताना जोर पडत नाही. त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर दाब असल्यास पावलाची बाहेरची कड बधिर होते व चवड्यावर उभे राहणे जड जाते. मानेच्या चकतीमुळे कळ खांद्यातून हाताच्या बोटांपर्यंत जाते.

इतिहास : पायात उतरणाऱ्या या कळेचे वर्णन चरकसंहितेत गृध्रसी या वातव्याधीत आढळते. इटालियन वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये तिचा संबंध मज्जातंतूशी जोडला. चकती हे तिचे कारण असल्याचे बॉस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून सर्वमान्य झाले. तोवर शस्त्रक्रियेत सापडणारे गराचे तुकडे अनेकदा कूर्चेच्या गाठी समजले जात.

निदान : रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलला असता गुडघ्याखाली कळ उतरणे ही महत्त्वाची खूण होय. त्याबरोबर स्नायूंची ताकद, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. साध्या क्ष-किरण चित्रात चकती दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. मात्र त्याचा अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी ताडूनच वाचला पाहिजे. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचा एमआरआय केला असता ५२ टक्के व्यक्तींमध्ये निदान एक तरी चकती फुगलेली दिसली. म्हणून केवळ ‘बल्ज’ किंवा ‘मणक्यात गॅप’ ऐकून शस्त्रक्रियेच्या धास्तीने खचून जाण्याचे कारण नाही.

उपचार : दीर्घ काळ अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू दुर्बळ होतात, म्हणून एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सोसेल तितके चालणे हितावह. वेदनाशामके वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. तीव्र कळ ओसरल्यावर भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करतात. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत लक्षणीय आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते, आणि पूर्ण सुटलेले मोठे तुकडे लहान फुगवट्यांपेक्षा अधिक वेळा नाहीसे होतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही रुग्णांना तात्पुरता दिलासा देते.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने मुळावर दाबणारा तुकडाच काढतात. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ आधी शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्यांपेक्षा लवकर थांबली. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. ताकद टिकून असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्णाने वेदना, कामाची निकड व जोखीम तोलून घ्यावा.

उसण भरल्यावर पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची महाराष्ट्रात जुनी प्रथा आहे. मात्र पायात कळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा असताना कंबर तुडवून वा झटका देऊन घेणे धोक्याचे आहे.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे : लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जननेंद्रिये, गुदद्वार व मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना जाणे, दोन्ही पायांतील बळ घटणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ती आणीबाणी समजावी. मज्जारज्जूच्या टोकाखालील तंतूंचा जुडगा दबल्याची ती चिन्हे असतात. एमआरआय व न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे शल्यचिकित्सक उपलब्ध असलेले रुग्णालय तत्काळ, रात्र असली तरी, गाठावे. ही लक्षणे सांगायला रुग्ण संकोचतात. डॉक्टरांनी व घरच्यांनी ती स्पष्ट विचारली पाहिजेत.

चालताना पाऊल लोंबकळू लागले किंवा हातापायांतील ताकद कमी होत चालली, तर विनाविलंब तज्ज्ञांना दाखवावे. मानेच्या दुखण्याबरोबर गुंड्या लावणे अवघड होणे किंवा चालताना तोल जाणे हे मज्जारज्जू दबल्याचे लक्षण असू शकते. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्याचा मार असेल, तर कारण चकतीबाहेरचे असू शकते. भारतात अशा वेळी मणक्याचा क्षय आहे का, हेही पाहावे लागते. यांपैकी काहीही नसले, तरी सहा आठवड्यांच्या उपचारांनंतर कळ कायम राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन यांचा सल्ला घ्यावा.

प्रतिबंध : नियमित चालणे, पोट व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर नियंत्रण, धूम्रपान सोडणे आणि ओझे अंगाजवळ धरून गुडघ्यांत वाकून उचलणे यांमुळे धोका कमी होतो. शस्त्रक्रियेनंतरही त्याच चकतीचा गर पुन्हा बाहेर येऊ शकतो, म्हणून व्यायाम त्यानंतरही चालू ठेवावा लागतो.