गिरणीसाठी आखलेली रेघ

शाळेत असताना 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' दिलेल्या आपल्यापैकी अनेकांना एक प्रश्न कधीतरी पडला असेल: चित्रकलेच्या परीक्षेत भूमितीचा पेपर कशाला? वस्तुचित्र ठीक, स्मरणचित्र ठीक, संकल्पचित्रही ठीक. पण कंपास, कर्कटक आणि गुण्या घेऊन षट्कोन काढायचा, त्याखाली ठरलेल्या उंचीची अक्षरे लिहायची, यात कला कुठे आली? मीही तो पेपर निमूटपणे दिला. त्याचे उत्तर मात्र बॉस्टनला आल्यावर, भलत्याच विषयाची जुनी कागदपत्रे चाळताना मिळाले. इथल्या प्राथमिक शाळांत दीडशे वर्षांपूर्वी मुले जे काढत होती आणि मुंबईत चित्रकलेचे शिक्षण ज्या पायावर उभे राहिले, ती दोन्ही एकाच घराण्याची निघाली. ते घराणे लंडनचे, आणि त्याचा कुलधर्म कला नसून कारखानदारी.

गोष्ट सुरू होते १८३५ साली. इंग्लंडच्या गिरण्या मैलोन्मैल कापड विणत होत्या, पण त्यावरची नक्षी फ्रेंच कापडापुढे फिकी पडे. ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून १८३७ मध्ये लंडनला सरकारी 'स्कूल ऑफ डिझाइन' निघाले. १८५१ च्या महाप्रदर्शनात ब्रिटिश मालाशेजारी इतर देशांचा, त्यात हिंदुस्थानी कारागिरांचाही, माल मांडला गेला तेव्हा हा कमीपणा आणखी उठून दिसला. पुढच्याच वर्षी हेन्री कोल या खटपटी अधिकाऱ्याच्या हाती नवे खाते आले. त्याचेच पुढे 'सायन्स अँड आर्ट' खाते झाले आणि साउथ केन्सिंग्टन हे त्याचे ठाणे बनले.

कोलचे सहकारी रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी अभ्यासक्रम आखला तो २३ पायऱ्यांचा. पहिली पायरी म्हणजे उपकरणांनी काढलेल्या सरळ रेषा आणि भौमितिक आकृत्या. मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग घन आकार, मग छायाप्रकाश. विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने काही रचावे ही अपेक्षा थेट २२व्या पायरीवर येते. तिथवर फार थोडे पोचत. प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी खालच्या ग्रेडच्या परीक्षा होत्या. त्यांत मुक्तहस्त रेखाटन, भूमिती, वस्तूंवरून चित्र असे विषय असत आणि किती मुले पास झाली यावर शाळेचे अनुदान अवलंबून असे. ही नावे ओळखीची वाटतात ना? भूमितीचा पेपर कलेत घुसलेला नव्हता. मुळात तोच यजमान होता. कला पाहुणी होती.

हा खाक्या त्या काळीही सगळ्यांना पटला नव्हता. चार्ल्स डिकन्सच्या १८५४ मधल्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीत एक सरकारी पाहुणा वर्गात येऊन मुलांना बजावतो, की गालिच्यावर फुले असता कामा नयेत, कारण खरी फुले कोणी तुडवत नाही. त्या पात्राचा रोख हेन्री कोलकडे होता असे अभ्यासक मानतात.

आता अटलांटिक ओलांडू. मॅसॅच्युसेट्समध्येही दुखणे तेच होते. लोवेलसारख्या गावांत गिरण्या भरपूर, पण नमुने काढणारे कसबी लोक युरोपातून आणावे लागत. १८६९ मध्ये बॉस्टनच्या काही बड्या मंडळींनी विधिमंडळाकडे अर्ज केला आणि १८७० मध्ये कायदा झाला: सार्वजनिक शाळांत चित्रकला हा विषय शिकवलाच पाहिजे, आणि दहा हजारांहून जास्त वस्तीच्या गावांनी पंधरा वर्षांवरील लोकांसाठी औद्योगिक रेखाटनाचे मोफत वर्ग चालवले पाहिजेत. ही योजना राबवायला १८७१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सहून साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतले वॉल्टर स्मिथ आले. १८७३ मध्ये चित्रकला-शिक्षक तयार करणारे 'नॉर्मल आर्ट स्कूल' निघाले. आज हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरून ट्रॉलीने जाताना दिसते ते 'मासआर्ट' हेच.

स्मिथ यांचा प्राथमिक वर्ग डोळ्यासमोर आणून पाहा. सहा-सात वर्षांची मुले पाट्या घेऊन बसली आहेत. बाई सांगतात: उभी रेघ काढा. तिचे दोन समान भाग करा. आता चार. आता आडवी रेघ. सगळ्या वर्गाची रेघ एकाच वेळी, एकाच दिशेने चालते. चार रेघांचा चौकोन, चौकोनातून नक्षी, नक्षीची पुनरावृत्ती. घर नाही, मांजर नाही, आई नाही. आजच्या नजरेला ही कवायतच वाटेल.

पण स्मिथ यांची एक गोष्ट मला मोलाची वाटते. ज्याला अक्षर काढता येते त्याला चित्र काढता येते, असा त्यांचा आग्रह होता. चित्रकला ही काही देवाने निवडलेल्यांची मिरास नाही; गणित आणि लेखनासारखी ती प्रत्येक मुलाला शिकवता येते आणि वर्गावरच्या साध्या शिक्षिकेला शिकवता येते. कारणे गिरणीमालकांची असोत, मजुराच्या पोराच्या हाती पेन्सिल आली ती या कायद्याने.

गोम अशी, की कारण उसने होते. चित्रकला का शिकवायची, तर कारखान्याला उपयोगी म्हणून, असे एकदा म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: मग उपयोग दाखवा! दहा वर्षांत खर्चाची कुरकुर सुरू झाली. चित्रकलेची पुस्तके छापणाऱ्या लुई प्रँग या प्रकाशकाशी स्मिथ यांचे बिनसले. १८८१ मध्ये बॉस्टनच्या शाळांतले आणि पाठोपाठ राज्याचेही पद गेले, आणि ते इंग्लंडला परतले. तेव्हापासून आजतागायत शाळेचे अंदाजपत्रक आटले की कात्री आधी कलेच्या तासाकडे वळते, आणि तो तास वाचवणारे लोक पुन्हा तेच हत्यार काढतात: चित्रकलेने गणित सुधारते, अभियंते घडतात. युक्तिवाद १८७० चाच. फक्त गिरणीच्या जागी संगणक आला.

मुंबईत तीच रेघ निराळी वळली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये आर्ट स्कूल सुरू झाले. मुंबईची पहिली कापडगिरणी नुकतीच, १८५६ मध्ये, चालू झाली होती. हेतू असा की देशी कारागिराचा हात सुधारावा, त्याचा धंदा टिकावा. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आले, जॉन ग्रिफिथ्स आले; दोघेही साउथ केन्सिंग्टनशी संबंधित. पण सुताराचा, तांबटाचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकत होता तो तिथेच शिकत राहिला. आर्ट स्कूलकडे वळली ती बरीचशी पांढरपेशा घरांतली मुले. त्यांना नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनची किंवा ड्रॉइंग मास्तरची नोकरी दिसत होती. पुढे तिथे चित्रकला-शिक्षक तयार होऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ग्रेडच्या परीक्षांची पद्धत गावोगावच्या शाळांत गेली. लंडनमध्ये ती रचना केव्हाच मोडीत निघाली. महाराष्ट्रात मात्र परीक्षा टिकल्या आणि लहान गावातल्या मुलाला कागद, रंग आणि एक जाणता शिक्षक भेटण्याचे ते निमित्त झाले. हेही श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

रेघ मुलाची स्वतःची असू शकते, हा विचार आला दुसऱ्याच गावाहून. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला. नमुने नाहीत, पायऱ्या नाहीत; कागद, रंग, कात्री, लाकूड हाती द्यायचे आणि काढू द्यायचे. त्या मुलांच्या चित्रांचे १९२० मध्ये लंडनला प्रदर्शन झाले तेव्हा साउथ केन्सिंग्टनच्या अंगणातच लोक थक्क झाले. टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती: 'स्वतंत्र' मुलांची चित्रे एकमेकांसारखी कशी दिसतात? नमुना काढून घेतला तरी शिक्षकाची आवड वर्गात उरतेच.

त्याच व्हिएन्नातले व्हिक्टर लोवेनफेल्ड हे ज्यू शिक्षक १९३८ मध्ये नात्झींमुळे परागंदा झाले. पुढे व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत ते शिकवू लागले. १९४७ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने अमेरिकेतल्या कलाशिक्षणाची दिशा बदलली. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली नक्कल नव्हे. चित्रातली आई घरापेक्षा मोठी असते, कारण त्या वेळी ती तेवढी मोठी असते. तयार चित्रात रंग भरायच्या पुस्तकांवर त्यांचा राग होता: अशा पुस्तकातून मूल एवढेच शिकते, की आपल्याला चित्र काढता येत नाही.

आपल्याकडे या वळणाचे काम झाले ते ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ पासून दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत सुरू झाले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द रुजला तो यातूनच.

आणि ही मुले ज्या झोपड्यांतून येत, त्यांच्या भिंतींवर कोणत्याही खात्याने न शिकवलेली चित्रकला होती. गेरूने, शेणामातीने सारवलेली भिंत, तांदळाचे पांढरे पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक सुवासिनी काढत; पालघट देवी बसल्याशिवाय लग्न लागत नसे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, रेघ: आकार तेच, जे स्मिथ बॉस्टनच्या पाट्यांवर काढून घेत होते. फरक एवढाच की इथे त्रिकोणाला त्रिकोण जोडला की माणूस होतो आणि तारप्याभोवती नाचू लागतो. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली.

आता इतिहासातून आपल्या रविवारच्या मराठी शाळेत येऊ. परदेशातल्या मराठी शाळांत वारली चित्रांचा तास हमखास असतो. बहुतेक वेळा त्याचे रूप असे: इंटरनेटवरून काढलेले छापील पान, नाचणाऱ्या माणसांच्या बाह्यरेषा, आणि "बाळांनो, रेषेच्या बाहेर जायचे नाही." हेतू चांगला, पालकही खूश. पण हे पान वारलीचे नाही. ते साउथ केन्सिंग्टनचे आहे. नमुना मोठ्यांचा, मुलाने फक्त भरायचा.

तोच तास वेगळा घेता येतो आणि त्याला खर्चही नाही. मी ज्या शाळेत अधूनमधून शिकवते तिथे आम्ही किराणा दुकानाच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून सपाट करतो. गेरूच्या भिंतीच्या जवळ जाणारा रंग तोच. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे. काड्या बाहेरच्या झाडाखालून मुलांनीच वेचायच्या आणि टोके ठेचून घ्यायची. चित्राआधी हात धरून गोल फेर धरायचा, म्हणजे तारप्याचे वर्तुळ अंगात उतरते. दोन त्रिकोणांचा माणूस एकदा फळ्यावर दाखवून पुसून टाकायचा. मग प्रश्न विचारायचा: तुमच्या गल्लीत काय काय आहे? एका पिशवीवर बर्फ उपसणारा ट्रक येतो, एकीवर स्कूल बस, एकीवर व्हीलचेअरवरची आजी. हे वारली चित्र आहे असा दावा मुलांनी करायचा नाही, हेही सांगावे लागते. ती कला ज्यांची आहे त्यांचे नाव, गाव आणि लग्नाचा चौक मुलांना कळला पाहिजे. आपण त्यांच्याकडून रीत शिकलो, चित्र आपले काढले. पुढच्या रविवारी मुले आपल्या चित्रातली माणसे मराठीत ओळखीची करून देतात. एरवी न बोलणारी मुलेही तेव्हा बोलतात, कारण सांगायला त्यांच्याकडे स्वतःचे काहीतरी असते.

याने गणित सुधारेल का, मला माहीत नाही, आणि तो प्रश्न मी विचारणार नाही. गिरणीसाठी आखलेल्या रेघेने एक चांगली गोष्ट केली: ती प्रत्येक मुलाच्या हातात आली. ती कोणत्या दिशेने न्यायची हे मुलावर सोपवायला पुढची दोन-तीन पिढ्यांची माणसे लागली. छापील पान पुढे सरकवताना आपण ती रेघ पुन्हा १८७० मध्ये नेऊन ठेवतो. तेव्हा या दिवाळीला पाने छापू नका. पिशव्या जमवा.