धुळ्याचा फेरा

१९०६ पर्यंत सारा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्यास होती. जळगावच्या शेतकऱ्याला कलेक्टरसाहेबांपुढे अर्ज ठेवायचा, तर धुळे गाठणे प्राप्त होते. नकाशावर पाहावे तर धुळे जळगावच्या पश्चिमेस, सरळ रेषेत सुमारे ८३ किलोमीटर. एरंडोल-पारोळ्याची बैलगाडीची वाट बरीचशी त्याच रोखाची. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे रेल्वे सुरू झाली आणि आगगाडीची सोय झाली. पण ती वाट आधी नैर्ऋत्येस चाळीसगावापर्यंत सुमारे ९२ किलोमीटर, आणि तेथून शाखामार्गाने उत्तरेकडे वळून धुळ्यापर्यंत ५६. एकूण १४८!

समजा, या प्रवासाला सहा तास लागले. कापलेल्या अंतराला वेळेने भागले की सरासरी चाल मिळते : ताशी सुमारे २५ किलोमीटर. परंतु मुक्कामाच्या दिशेने माणूस सरकला तो ८३ किलोमीटरच. हे त्याचे विस्थापन. त्याला वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो : ताशी सुमारे १४ किलोमीटर, पश्चिमेकडे. चालीला दिशा नसते. वेग दिशेवाचून पुरा होत नाही.

आणि कारकुनाने ‘पुढल्या महिन्यात या’ म्हणून वाटेला लावले तर? घरी परतेपर्यंत सुमारे २९६ किलोमीटर प्रवास, भाडे दुहेरी, विस्थापन शून्य. म्हणून साऱ्या खेपेचा सरासरी वेगही शून्य!

गंमत अशी, की ज्या चाळीसगावास ही वाट वळते, त्याच्याजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला होता. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) ग्रहांच्या मध्यम, स्पष्ट व वक्र गतींचे गणित आहे. मंगळ वक्री झाला की ताऱ्यांमधून मागे सरतो. ती गती उलट धरावी लागते. वाट लांबते, पुढे सरकणे थोडके. दिशायुक्त राशीला ‘व्हेक्टर’ हे नाव हॅमिल्टनने एकोणिसाव्या शतकात दिले. दिशेचा हिशेब मात्र आमच्या ज्योतिर्विदांनी कधीचाच मांडला होता.

१९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशाची कचेरी जळगावास आली. एकाही इंजिनाची चाल न वाढता जळगावकराचा धुळ्याचा फेरा चुकला. चाके किती फिरली हे रेल्वेने मोजावे. माणूस कोठे पोचला, हे कारभाऱ्याने.